पान पाठ, पण वाचता येईना

मा. संपादक,

पोरांना वाचता येत नाही म्हणून पेपरात पत्रं येतात ती सगळी मराठी नाहीतर इंग्लिशची, मी अरबीबद्दल लिहितेय. माझा मुलगा दुसरीत, मराठी शाळेत, आणि असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर मोहल्ल्यातल्या मक्तबमध्ये, म्हणजे कुराण वाचायला शिकवणाऱ्या वर्गात, कायदा (अरबी वाचनाचं पहिलं पुस्तक) शिकायला जातो. पाच महिने झाले, घरी येऊन 'बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु' असं धडाधड म्हणतो (बे हे अक्षर, जबर, जेर, पेश या त्याच्या स्वरांच्या खुणा), मला काय भारी वाटायचं. परवा सहज मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवलं तर गाडी ठप्प, मग बघते तर हा पहिल्या ओळीपासून पुटपुटत पुटपुटत तिथपर्यंत येतोय. म्हणजे वाचत नव्हताच, पान पाठ होतं!

पान नीट बघितलं तर झेरॉक्सची झेरॉक्स. बेच्या खाली नुक्ता (टिंब) आणि जेर म्हणजे त्याच्याही खाली तिरकी रेघ, दोन्ही मिळून एक काळा डाग. तीच रेघ वर गेली की जबर. सात वर्षांच्या पोराने काय ओळखायचं?

उस्तादांना बोल लावत नाही, चाळीस पोरं आणि ते एकटे. पण खरी गोम वेगळीच आहे. आमच्या पोरांना बाराखडी येते, मग जेर म्हणजे पहिली वेलांटी, पेश म्हणजे पहिला उकार, हे पटकन कळतं. अडतं ते जबरला. मराठीत नुसता ब काढला तरी त्यात अ असतोच, अरबीत नुसता बे मुका, जबर असेल तरच 'ब' म्हणायचं, आणि हे कुणी सांगतच नाही. पेश म्हणजे डोक्यावर बसलेला छोटासा वाव (अरबीतलं व अक्षर), हे दाखवलं तर पोरगा हसला आणि परत विसरला नाही. (नणंदेची मुलगी दुबईत शिकते, ती फतहा, कसरा, दम्मा म्हणते, चिन्हं तीच.)

काही आया वर पेन्सिलने मराठी अक्षरं लिहून देतात, ते मात्र नको, अरबीत सीन, साद, से ही वेगवेगळी अक्षरं, पण सगळ्यांना आपला एकच स, पोरगं मराठीच वाचत बसतं.

मी पुठ्ठ्याला एका अक्षराएवढी खिडकी कापली, ती पानावर कुठेही ठेवायची आणि विचारायचं. तीन आठवड्यात फरक पडला. मक्तबमध्ये पण शेवटची पाच मिनिटं असं उलटसुलट विचारा ना. आणि ती झेरॉक्स प्लीज बंद करा, मोठ्या अक्षरांचे कायदे आम्ही पालक वर्गणी काढून आणून देतो.

– एक आई, खेड (जि. रत्नागिरी)