बुडापेस्टहून पत्र

बुडापेस्ट,
रविवार, 11 जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला लागलं की आईचा गळा भरून येतो, मग माझाही, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. मी बरी आहे. वेळेवर जेवते. नाचणीचं पीठ अजून पुरलंय. युद्धाचं म्हणाल तर ते शेजारच्या देशात आहे. टीव्हीवरच्या नकाशात सगळंच जवळ दिसतं, तेवढ्यावरून घाबरू नका. रात्री ट्रामने एकटी येते, कुणी वळूनसुद्धा बघत नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत की तिथे बघण्यासारखं काय आहे. तुम्ही दोघं आलात की आधी नदीवर नेईन. डॅन्यूबच्या एका काठाला सपाटीवर पेश्त, समोर डोंगरावर बुडा. ही दोन आणि ओबुडा मिळून 1873 साली एक शहर झालं. मधला साखळीपूल 1849 चा. 1945 मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने तो उडवला आणि बरोबर शंभराव्या वर्षी, 1949 ला, तो पुन्हा उभा राहिला. पुलावरून संसद दिसते. तिचा घुमट 96 मीटर उंच, सेंट स्टीफनच्या चर्चचाही तेवढाच, कारण यांचे पूर्वज 896 च्या सुमारास इथे आले असं मानतात. बुडाच्या किल्ल्यापर्यंत बस जाते, आईला चढावं लागणार नाही.

संसदेजवळच नदीकाठी लोखंडी बुटांचे 60 जोड आहेत. 1944-45 च्या हिवाळ्यात इथल्या फॅसिस्टांनी ज्यू माणसांना काठावर उभं करून बूट काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. त्यात लहान मुलांचेही बूट आहेत. मी एकदाच गेले. आपल्या पडवीतल्या चपला डोळ्यांपुढे आल्या, परत पाऊल वळलं नाही. तुम्हाला नेईन की नाही, अजून ठरवलेलं नाही.

आता आई, नीट वाच, कारण फोटो बघून तू चिडली होतीस. सेचेनीच्या त्या पिवळ्या इमारतीत 1913 पासून गरम पाण्याची कुंडं आहेत. पाणी जमिनीतून कढत येतं, बाहेरच्या कुंडात अडतीस अंशांवर असतं. वर बर्फ पडतोय आणि म्हातारे छातीएवढ्या पाण्यात उभे राहून पट मांडून बुद्धिबळ खेळतायत! तासन् तास. केस ओले, त्यावर बर्फ, पण प्यादं हलवायची घाई नाही. बायका-पुरुष एकाच पाण्यात असतात, पण कुणी कुणाकडे बघत नाही, आणि माझा पोशाख अंगभर होता. हे चैनीचं ठिकाण नाही गं. सांधे दुखले तर डॉक्टर इथलं पाणी चिठ्ठीवर लिहून देतात. आपल्या उन्हवऱ्यासारखंच समज, फक्त तिथे बायकांचं कुंड वेगळं. एक आजी कठड्याला धरून गुडघा वाकवत होती, अगदी आपल्या आजीसारखी. मी होते तेव्हा आजीला उन्हवऱ्याला मी न्यायची. आता कोण नेतं?

मोहोर कसा आहे? तुडतुड्यासाठी फवारणी झाली का? दादाला म्हणावं, बाबांना महिनाभर बागेत धुळीत जाऊ देऊ नकोस. डोळ्याच्या ऑपरेशनला तो जवळ होता म्हणून निभावलं. मी कामावर होते, पण दिवसभर फोन हातात होता.

चाळीस हजार पाठवलेत. पडवीची कौलं पावसाआधी बदलून घ्या, माझ्या तिकिटासाठी त्यातले काही मागे ठेवू नका. चिपळूणच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. दोनदा बोललो आम्ही, माणूस समजूतदार वाटला. पण त्यांना वैशाखातच उरकायचं आहे, आणि आई, ते मला जमणार नाही. नोकरीचा करार दोन वर्षांनी वाढलाय. मागच्या सोमवारी सही केली. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पतपेढीचं कर्ज डोक्यात होतं आणि कामही आवडतंय, दोन्ही खरं आहे. त्या मंडळींना आत्ताच कळवा, त्यांना ताटकळत ठेवायला नको.

गणपतीची रजा आजच मागितली आहे. आजीला नमस्कार.

तुमची,
सुमी