सोलर काच जिन्याला लावा, बेडरूमला नको

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी, गृहनिर्माण सोसायटी,
टिळकवाडी, बेळगाव

विषय: खिडक्यांना सोलर काच बसवण्याचा प्रस्ताव

सप्रेम नमस्कार.

रंगकामाबरोबरच पश्चिम आणि दक्षिणेच्या सगळ्या खिडक्यांना वीज तयार करणारी पारदर्शक काच बसवावी, असा प्रस्ताव सभेपुढे येतो आहे. माझा विरोध काचेला नाही, जागेला आहे. जिन्याला आणि पॅसेजला जरूर लावा. बेडरूम आणि स्वयंपाकघर मात्र वगळा.

'पारदर्शक' या शब्दानेच आधी घोटाळा होतो. डोळ्यांना दिसणारा उजेड जवळजवळ सगळा आत सोडून फक्त अतिनील आणि अवरक्त किरण पकडणारी काच मिशिगन स्टेट विद्यापीठाने २०१४ मध्ये दाखवली होती; तिची कार्यक्षमता तेव्हा १ टक्क्याच्या आसपास होती. प्रत्यक्ष बाजारात मिळते ती बहुधा कॅडमियम टेल्युराइडची, म्हणजे वीज बनवणाऱ्या या पदार्थाचा पातळ थर असलेली आणि उजेड आत यावा म्हणून त्या थरात लेसरने बारीक रेघा काढलेली. ४० टक्के उजेड सोडणारी घेतली, तर चौरस मीटरला साधारण ६० ते ८० वॉट मिळतात आणि उरलेला ६० टक्के उजेड खिडकीतच अडतो. एप्रिलच्या उन्हात ते बरे वाटेल. पण आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस सूर्यदर्शन नसते, तेव्हा ओट्यावर भरदुपारी दिवा लावावा लागेल. घरातल्या वयस्कर मंडळींचा दिवस खिडकीपाशीच जातो. रात्रीची झोप नीट लागायला दिवसाचा भरपूर उजेड डोळ्यांत जावा लागतो, आणि चार युनिटांसाठी तो अडवणे मला पटत नाही.

दक्षिणेचा तर विचारच सोडा. बेळगाव जवळपास १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही.

पश्चिमेच्या जिन्याला १२ चौरस मीटर काच बसली, तर ती ८०० वॉटच्या आसपास होते. उभ्या भिंतीवर छताच्या निम्मेच उत्पादन धरा, म्हणजे चांगल्या उन्हाच्या दिवशी दीड युनिट. जिन्यातले १० वॉटचे दहा एलईडी बारा तास जळले, तर १.२ युनिट लागतात. हिशेब जमतो, पण बसवणे नीट हवे.

ही काच ऊन शोषते, म्हणून तापते. एकेरी बसवली तर ती उष्णता आत फेकते आणि जिना भट्टीसारखा होतो. मध्ये १२ मिलिमीटरची पोकळी असलेली दुहेरी काच घ्यावी, आतल्या काचेवर लो-ई, म्हणजे उष्णता परतवणारा पातळ थर असावा. सरकत्या झडपेला लावूच नये, वायर घासून सोलते. काच पक्की बसवून वरची झडप हवेसाठी उघडती ठेवा.

छज्ज्याची सावली आडवी पडते. काचेतल्या वीज बनवणाऱ्या पट्ट्याही आडव्या असल्या, तर वरची एक पट्टी पूर्ण झाकली जाते आणि साखळीने जोडलेल्या सगळ्या पट्ट्यांचा प्रवाह पडतो. पट्ट्या उभ्या असल्या, की सावली प्रत्येकीचा थोडाच भाग खाते. ऑर्डर देतानाच हे ठरवावे लागते.

पाण्यानेही बिघाड होतात. चौकटीच्या खालच्या पट्टीत पाणी निचरायला छोटी छिद्रे असतात. रंगारी ती पुट्टीने हमखास बुजवतात. मग आडव्या पावसाचे पाणी काचेच्या कडेशी साचते, खालच्या कोपऱ्यातून दुधी डाग वर चढू लागतो आणि ओल्या सकाळी इन्व्हर्टर (काचेची वीज घरच्या वापराजोगी करणारे यंत्र) इन्सुलेशन फॉल्ट, म्हणजे वीजगळतीचा इशारा, दाखवून बंद राहतो. म्हणून रंगकाम संपल्यावर प्रत्येक छिद्रात तार घालून पाहावी. फटी बुजवायचा सिलिकॉन 'न्यूट्रल क्युअर', म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारा असावा. व्हिनेगरसारखा वास येणारा काचेच्या कडेचे सील खराब करू शकतो.

मुळात आधी गच्ची भरावी. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी छतावरच्या पॅनेलना पीएम सूर्यघर योजनेत प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. नेट मीटरचा (दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा) अर्ज हेस्कॉम या वीज कंपनीकडे करावा लागेल.

मतदानाआधी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात एकच नमुना काच बसवून एक पावसाळा जाऊ द्यावा. आधी आणि नंतर, ढगाळ दुपारी त्याच पायरीवर लक्स मीटरने (उजेड मोजायच्या यंत्राने) उजेड मोजून आकडे नोटीस बोर्डावर लावावेत. मोजणीच्या कामाला मी येईन.

आपला,
एक सभासद