बदली बापाची, पाटी कोरी होते पोराची : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी एका हवालदाराची बायको. यजमान सध्या फील्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा नेमणुकीवर आहेत आणि मी मुलाला घेऊन सातारा जिल्ह्यात सासरी राहते. त्यांचं नाव, युनिट, ठाणं काहीच लिहीत नाही. नोकरी चालू असताना बायकोनं मंत्र्यांना जाहीर पत्र लिहिलं तर ऑफिसात काय चर्चा होईल, हे फौजेतल्या कुठल्याही घराला सांगायला नको. आमचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. बोलतो अगदी थोडं, समजतं त्याला बरंच.

फौजेत अशा मुलांसाठी काहीच नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशन छावण्यांमध्ये अशा मुलांसाठी आशा स्कूल ही विशेष शाळा चालवते, नौदलाच्या भगिनी तशीच 'संकल्प' चालवतात. दिव्यांग मुलाला शिक्षण भत्ता दुप्पट आहे. जानेवारी 2024 पासून तो महिन्याला 5,625 रुपये झाला. मिळतो वर्ष सरल्यावर, पण मिळतो. दिव्यांग मुलाच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी उत्पन्नाची जुनी, कोती मर्यादा होती, ती 2021 मध्ये तुमच्याच मंत्रालयानं सैल केली. आशा स्कूलमधल्या बाईंनी माझ्या मुलाला पहिल्यांदा एका जागी बसायला शिकवलं, ते तर मी जन्मभर विसरणार नाही.

साहेब, दुखणं वेगळं आहे. ही सगळी सोय ठाण्याला बांधलेली आहे, मुलाला नाही.

मुलाच्या बाबतीत हे कसं होतं ते सांगते. आम्ही पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब सोबत राहू शकतं अशा ठाण्यावर होतो तेव्हा त्याला चित्रांची कार्डं दिली होती. पाणी हवं असेल तर ग्लासाचं कार्ड काढून समोरच्याच्या हातात द्यायचं. हे जमायला बरेच महिने गेले, कारण कार्ड देणं आणि पाणी मिळणं यांचा संबंध त्याच्या डोक्यात पक्का बसावा लागतो. तिथं सगळं हिंदीत. मग यजमानांची बदली आली, सत्राच्या मध्यावर. नव्या ठिकाणच्या शाळेत कार्डं वेगळी, बाई वेगळ्या, बोलणं इंग्रजीत. जुन्या शाळेनं दिलेली वही तिथं कुणी उघडली नाही. 'आम्ही आमचं असेसमेंट करतो' म्हणाले. केलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता गावी आजी त्याच्याशी मराठीत बोलते आणि तो तिच्या हाताला धरून माठाकडे ओढत नेतो. कार्डं ट्रंकेत पडली आहेत.

अशा मुलांना बदल सोसत नाही, हे कुठलाही बालविकासतज्ज्ञ सांगेल. आणि फौजेची नोकरी म्हणजे बदलच. या दोन गोष्टी एका घरात आल्या की काय होतं, याचा हिशेब मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

नवऱ्याला सीमेवरून परत आणा, अशी माझी मागणी नाही. त्यानं नोकरी पत्करली तेव्हा ती कशी असते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण केंद्र सरकारच्या कार्मिक विभागानं 8 ऑक्टोबर 2018 ला एक आदेश काढला आहे. दिव्यांग मुलाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट देता येईल, असं त्यात म्हटलं आहे. तो मुलकी नोकरांसाठी. फौजेला जसाच्या तसा लावता येणार नाही, ते मला पटतं. आमच्याकडे अनुकंपेवर बदली मागता येते, पण ती ठराविक काळापुरती. तिचा अर्ज जवानानं करायचा, कारणं त्यानं मांडायची, वरचे साहेब समजूतदार असतील तर पुढं सरकायचं. कितीतरी जवान मागतच नाहीत. पोराचं निमित्त करून फील्ड टाळतो, हे ऐकून घ्यायची कुणाची तयारी नसते. म्हणून म्हणते, हे मागण्यावर ठेवूच नका. मुलाची नोंद आधीच रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या कचेरीत असावी आणि पीस स्टेशन ठरवताना तिथं विशेष शाळा व थेरपिस्ट आहे की नाही हे त्यांनीच पाहावं. अमेरिकेच्या सैन्यात अशी नोंद सक्तीची आहे आणि नेमणूक ठरवताना ती विचारात घेतली जाते. तिथल्या कुटुंबांच्याही तक्रारी आहेत, सगळं आलबेल नाही. पण निदान तक्रार कशाबद्दल करायची, ते तरी त्यांना ठाऊक आहे.

आता गावाकडचं. आमच्या जिल्ह्यात आपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले 46 जवान कामी आले. अशी घरोघरी फौजी असलेली गावं साताऱ्यात, कोल्हापुरात, सांगलीत पुष्कळ आहेत. यजमान फील्डला गेले की त्यांची कुटुंबं छावणीत नसतात, सासरी किंवा माहेरी असतात. मला आशा स्कूल गाठायचं तर पुणे. थेरपी आठवड्यातून दोन-तीनदा लागते, रोजच्या सरावासाठी घरी शिकवणारं कुणीतरी लागतं. मुलाला घेऊन एसटीनं पुण्याला जाऊन यायचं, तर तो स्वारगेटला पोचेपर्यंतच थकून रडकुंडीला येतो. मग उरते जवळची शाळा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं त्याला तिथं मोफत शिकायचा हक्क दिला आहे, विशेष शिक्षक मात्र बऱ्याच शाळांसाठी मिळून एक. मिलिटरी हॉस्पिटलचे कागद घेऊन सरकारी दवाखान्यात दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी गेले तर 'हे चालत नाही, इथं नव्यानं तपासणी करा' असं उत्तर मिळालं. त्या डॉक्टरांचा दोष नाही, त्यांना तसाच नियम सांगितला असणार. पण दोन्ही दवाखाने सरकारचेच ना?

माझं मागणं एवढंच आहे की छावणीबाहेर राहणाऱ्या मुलाचं थेरपीचं बिल त्याच्या नावावर मंजूर व्हावं, मग ती थेरपी साताऱ्यात घेवो की सांगलीत. आणि शाळेची, थेरपीची, तपासणीची एकच नोंद असावी. ती पुढच्या ठाण्यावर मुलाच्या आधी पोचावी. जवानाची कागदपत्रं पोचतात, तशीच.

आणखी एक गोष्ट, आणि ही तुमच्या नावाच्या निधीबद्दल आहे. रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून माजी सैनिकाच्या दिव्यांग मुलाला मदत मिळते, पण मूल 100 टक्के दिव्यांग असेल तरच. कायदा 40 टक्क्यांना लक्षणीय दिव्यांगत्व मानतो. बौद्धिक अक्षमतेच्या मोजमापात 'तीव्र' गटातल्या मुलालाही 90 टक्के लिहितात. म्हणजे ज्याला स्वतःच्या हातानं धड जेवता येत नाही, असं पोरसुद्धा या अटीत बसायचं नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये याच निधीतून शिक्षणाचं अनुदान महिन्याला 1,000 वरून 2,000 रुपये झालं, वृद्धांचं 4,000 वरून 8,000. चांगलं झालं. त्याच फायलीत ही टक्क्यांची अट का बघितली गेली नाही?

यजमान आणखी काही वर्षांनी निवृत्त होतील. जवान चाळिशीतच घरी येतो, पोरगं तेव्हा जेमतेम वयात येत असतं. त्यानंतरचा प्रश्न प्रत्येक आई रात्री मनात घोळवते : आम्ही दोघं गेल्यावर कोण? त्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पेन्शनच्या आदेशावर बापाच्या हयातीतच त्याचं नाव चढवून घेता येतं. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठराव्या वर्षानंतर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करता येतो. हे मला आमच्यासारख्याच दुसऱ्या एका आईनं सांगितलं. डिस्चार्जच्या वेळी सही घेताना हे सांगणं आणि तिथंच नाव चढवणं हे रेकॉर्ड ऑफिसचं काम आहे. एका फॉर्मचा प्रश्न आहे, त्याला नवा पैसा लागत नाही.

दर 7 डिसेंबरला ध्वजदिन येतो. शाळेतली पोरं छातीला छोटा झेंडा लावून डबा फिरवतात, जिल्ह्याला इष्टांक ठरवून दिलेला असतो, तो पुरा झाला की कलेक्टरांचा सत्कार होतो. तुमच्या नावाच्या त्या निधीचा पैसा त्यातूनही येतो. यंदाच्या ध्वजदिनाआधी 100 च्या जागी 40 लिहिलेला आदेश निघावा आणि तो प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागावा, अशी विनंती आहे. बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल, ते मी समजू शकते. या एकीला तुमची सही पुरेल.

आपली,
एका हवालदाराची पत्नी,
जि. सातारा