पहिल्या तासाआधी

चि. सोन्या,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालास, "आई, टीव्हीच्या बातम्या आणि क्रीडा पत्रकारिता, दोन्ही पेपर माझ्याच गळ्यात पडलेत. सुरुवात कुठून करू?" तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलणं झालं नाही. हेच विषय शिकवण्यात माझी २२ वर्षं गेली. तू शिवाजी विद्यापीठात तेच शिकवायला उभा राहणार, या आनंदात दोन रात्री मला झोप नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले पंधरा दिवस स्टुडिओचं कुलूप काढूच नकोस. मुलं नाराज होतील. त्यांना प्रॉम्प्टरसमोर, म्हणजे बातमी वाचायच्या पडद्यासमोर, बसायचं असतं, कॉलर माइक लावून घरच्यांना फोटो पाठवायचा असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण कॅमेरा मिळाला की मुलं बघायचं विसरतात, दिसायच्या मागे लागतात. तू त्यांना आधी मैदानावर ने.

मी एक गोष्ट दरवर्षी करायचे. दोघादोघांच्या जोड्या लावायच्या. एकाने मैदानाकडे पाठ करून, मांडीवर कागद घेऊन बसायचं. दुसऱ्याने समोरचा खेळ त्याला सांगायचा. पाठमोऱ्याने नुसतं ऐकून पेन्सिलीने कागदावर खेळ काढायचा. एका वर्षी कॉलेजच्या मैदानावर खो-खोचा सराव चालू होता. वर्गातली चांगली बोलणारी मुलं सुटली, "काय वेग आहे, अप्रतिम, थरारक!" त्यांच्या जोडीदारांचे कागद पाच मिनिटांनंतरही कोरे. शेवटच्या बाकावरची, वर्षभरात फारसं न बोललेली एक मुलगी मात्र हळू आवाजात सांगत होती : "आक्रमक दुसऱ्या खांबाकडे निघाला. गडी त्याच्या डाव्या हाताला, तीन पाट्या पुढे. खो दिला. गडी आत वळला, मधल्या पाटीतून पलीकडे. पुन्हा खो. आता खांबाजवळ गाठलाय, सूर... हात पोचला नाही." तिच्या जोडीदाराची पेन्सिल थांबायला तयार नव्हती. ती मुलगी शाळेत खो-खो खेळलेली होती. त्या दिवसापासून वर्गात तिच्याकडे बघण्याची नजरच बदलली. ती तिथे बसलेली डोळ्यांपुढे आली की अजूनही माझा ऊर भरून येतो.

तुझ्याकडे तर शाहू स्टेडियम आहे! कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा आणि पेठांचा. पाटाकडील तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब अशा संघांचा सामना लागला की अख्खं गाव तिथे लोटतं. मुलांना तिथे ने. गर्दीच्या आवाजात आपला आवाज कसा टिकवायचा, आपल्या पेठेचा संघ खेळत असताना समोरच्याचा गोल तेवढ्याच मनापासून कसा सांगायचा, हे वर्गात शिकवून येत नाही. त्यांना बाळ ज. पंडितांबद्दलही सांग. क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीतून करता येतं, हे त्यांनी रेडिओवरून घरोघरी पोचवलं. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं, तेही सांग. आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत हे मुलांना ठाऊक हवं.

लेखनाबद्दल थोडंच. बातमी कानासाठी लिहायची. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. हे वाक्य छापायला ठीक आहे. ऐकणारा मात्र मनातल्या मनात वजाबाकी करत बसतो आणि तोवर पुढची बातमी निघून जाते. "भारताच्या मुलींनी नेपाळला ३८ गुणांनी हरवलं" हे आधी, आकडे मागून. प्रत्येक कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, मोठ्याने वाचून घे. जिथे श्वास अडकतो, तिथे वाक्य तोड.

आणि विशेषणं काढायला लाव. नेमबाज स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळालं, त्या आठवड्यात मी ३० सेकंदांची बातमी लिहायला दिली होती. निम्म्या वर्गाने "महाराष्ट्राच्या सुपुत्राने इतिहास घडवला" असं लिहिलं. कोणता इतिहास, विचारलं तर सांगता येईना. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन म्हणजे गुडघ्यावर, मग पालथं झोपून, मग उभं राहून नेम धरायचा, हे फक्त दोघांनी लिहिलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, हे एकाने. खाशाबांना पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले होते. तुझ्या वर्गात राधानगरीची पोरं असतील. स्वप्नीलचं गाव कांबळवाडी त्यांच्याच तालुक्यात. त्यांना ही बातमी दुसऱ्या कोणी लिहून द्यायची गरज नाही.

आता एक गोष्ट, जी तुला कधी सांगितली नव्हती. तुझ्या जन्माआधी मी एका केबल वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या वाचायचे. जिल्हा शालेय स्पर्धांचा निकाल हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर आला. १५०० मीटरमध्ये पहिल्या आलेल्या मुलीचं आडनाव मी न विचारता अंदाजाने वाचलं. एका अक्षराने ते दुसऱ्याच घराण्याचं झालं. चार दिवसांनी तिच्या वडिलांचं पोस्टकार्ड आलं. रागाचा एक शब्द नव्हता. "मुलीचं नाव पुन्हा एकदा नीट वाचाल का? तिची आजी मुद्दाम ऐकायला बसली होती." मी कार्ड घेऊन वरिष्ठांकडे गेले. जुनी बातमी परत कोण लावतं, म्हणाले. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. ती आजी मला अजून छळते. माझ्या वर्गात नाव चुकलं की कॉपीला शून्य, बाकी मजकूर कितीही देखणा असो. मुलं मला खडूस म्हणायची. तू हा नियम मोडू नकोस, एवढी माझी विनंती आहे.

हरलेल्या खेळाडूच्या तोंडापुढे माइक धरून "कसं वाटतंय?" विचारायचं नाही, हेही पहिल्याच महिन्यात सांग. "शेवटच्या चढाईआधी तुमचं काय ठरलं होतं?" असं विचारलं की माणूस बोलतो, आणि त्याचा मानही राहतो.

नोकरीचं विचारतील, तेव्हा खोटं बोलू नकोस. सुरुवातीला पगार कमी, रात्रपाळी फार, आणि पहिली दोन वर्षं बहुधा दुसऱ्यांनी काढलेले व्हिडिओ मिनिटभराचे करून मोबाइलसाठी उभ्या चौकटीत बसवण्यात जातील. माझी ती शेवटच्या बाकावरची मुलगी आज क्रीडा विभागात आहे. तिचीही दोन वर्षं तशीच गेली.

मामा गुरुवारी कोल्हापूरला येतोय. त्याच्याबरोबर बेसनाचे लाडू आणि माझं जुनं स्टॉपवॉच पाठवतेय, कॉपीची लांबी मोजायला. डब्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पोस्टकार्ड आहे. शाई फिकट झालीये, पण वाचता येतं. वर्गात दाखवलंस तर पत्त्याची बाजू झाक. पोचलं की कळव.

तुझी,
आई