भंगारात टाकण्याआधी एक पेनड्राइव्ह

संपादक महोदय,

विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले आणि माझ्या दहा वर्षे जुन्या लॅपटॉपवर विंडोज 11 चढेना. दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता निकाल दिला, ‘मावशी, हा आता भंगारात.’ मी निवृत्त शिक्षिका. पेन्शनमधून नवा घ्यायचा विचार झोप उडवायला पुरेसा होता.

भाच्याने लिनक्स मिंटचे नाव सुचवले. विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी ही फुकट प्रणाली. त्यांच्याच संकेतस्थळावरून फाइल फुकट मिळते, सुमारे तीन जीबीची. ती मी उतरवली, आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी केली आणि लॅपटॉप सुरू केला. काहीच झाले नाही. दोन दिवस पेनड्राइव्हला दोष दिला. मग कळले की फाइल नुसती कॉपी करून भागत नाही. रुफस किंवा एचरसारख्या छोट्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते. तसे करताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हेही आधी कुणी सांगत नाही. माझी भिशीची यादी तशीच गेली.

त्यानंतर लॅपटॉप सुरू होताना एफ-12 टकटकवत राहिले (कंपनीप्रमाणे कळ वेगळी असते), यादीतून पेनड्राइव्ह निवडला आणि मिंट उघडले. गंमत अशी, की मूळ डिस्कला हात न लावता ते असे वापरून बघता येते. वाय-फाय लागतो का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, सगळे आठवडाभर तपासले. फोटो दुसऱ्या डिस्कवर ठेवले आणि मगच ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवले. त्यात ‘डिस्क पुसा’ असा पर्याय येतो, तो शब्दशः खरा असतो.

पहिली धांदल टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, उडाली. पासवर्ड टाइप करतेय, पण पडद्यावर अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या उमटत होत्या. कीबोर्ड बिघडला असे वाटून चार वेळा बंद-चालू केले. तिथे पासवर्डच्या जागी चांदण्याच दिसतात. टाइप करून एंटर दाबायचे, बस्स. शाळेच्या स्मरणिकेच्या जुन्या फाइल्स मात्र अगम्य इंग्रजी अक्षरांत उघडल्या. तो दोष लिनक्सचा नाही, त्या जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या, आणि तो फॉन्ट नसला की मराठी मजकूर असाच दिसतो.

शिकायला पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प कामी आला. छोटे छोटे धडे, मराठीतही. एका खिडकीत धडा चालू ठेवायचा, थांबवायचा, दुसऱ्या खिडकीत तेच आपण करायचे. वर्गात मी मुलांना फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगायची, तसेच.

अडते ते शेजारी बसणारे कुणी नसते म्हणून. एफ-12 पर्यंत पोचायला मला भाचा लागला. ज्यांना भाचा नाही त्यांनी काय करावे? मे महिन्यात पुस्तकपेढी चालवणाऱ्या मंडळांना आणि वाचनालयांना रविवारचे दोन तास आणि एक टेबल काढणे जड नाही. आमच्या वाचनालयाने टेबल दिले, तर पेनड्राइव्ह घेऊन मी येते. रविवारी, दहा ते बारा. येणाऱ्याने लॅपटॉपचा चार्जर मात्र आणावा, जुन्या बॅटऱ्या अर्ध्यावर मान टाकतात.

– एक निवृत्त शिक्षिका, कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई