छपाईची आणि मोबाइलची फाइल वेगळी हवी

माननीय संपादक,

गणेश मंडळांच्या पत्रिका, शिकवणी वर्गांची पत्रके, शाळा-महाविद्यालयांच्या सूचना हल्ली एकाच फाइलवर भागवल्या जातात. तीच छापखान्यात जाते, तीच व्हॉट्सॲपवर फिरते, आणि दोन्हीकडे फसते.

ए-४ कागदाची रुंदी २१० मिलिमीटर, मोबाइलच्या पडद्याची जेमतेम ७०. म्हणजे कागदावरचा १२ पॉइंटचा मजकूर मोबाइलवर ४ पॉइंटचा होतो. त्यात अनुस्वार, रफार आणि उकार आधी दिसेनासे होतात. दोन स्तंभांची मांडणी असेल तर बोटाने मोठे करून डावी-उजवी ओढाताण. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात फिकट करडी अक्षरे तर दिसतच नाहीत. मोबाइलसाठी १०८० पिक्सेल रुंदीचे चित्र करावे, एकच स्तंभ ठेवावा, अक्षर ४५ पिक्सेलच्या खाली नेऊ नये. दोन ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपट ठेवले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडत नाहीत.

उलट्या बाजूचे, म्हणजे मोबाइलवरची फाइल छापायला दिल्याचे, नुकसान अधिक महागाचे, कारण ते छपाईची प्लेट (जिच्यावरून शाई कागदावर उमटते) निघाल्यावर कळते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) हिशोबाने त्यातून सव्वापाच इंच छपाई चांगली निघते, ए-४ नाही. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर दाबून लहान केली जात नाही, एवढे साधे आहे. फ्लेक्स लांबून पाहायचा असल्याने तिथे ५० ते ७२ डीपीआय पुरते. पण दहा फुटांच्या फ्लेक्सला ५० ने सुद्धा ६००० पिक्सेल लागतात.

रंगांचे दुखणे वेगळेच. पडदा उजेडातून रंग दाखवतो, कागद शाईतून. पडद्यावर झळकणारा पोपटी किंवा भगवा छपाईच्या चार शाईंत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) तसा उतरत नाही. छापखान्याशी भांडून उपयोग नाही, आधी छापील नमुना पाहावा. काळा मजकूर आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीत) राहिला तर छपाईच्या रंगांत रूपांतर होताना तो चारही शाईंचा होतो आणि प्लेट केसभर हलली की अक्षराला रंगीत कड येते. तो फक्त काळ्या शाईत १०० टक्के ठेवावा. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरे पडद्यावर छान दिसतात, पण स्वस्त कागदावर शाई पसरून त्यांच्या पोकळ्या बुजतात. कापणीसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) सोडावे आणि मजकूर कडेपासून किमान ५ मिलिमीटर आत घ्यावा.

मजकूर मात्र एकदाच, युनिकोडमध्ये (सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षर-संकेतांत) टाइप करावा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर छापून येतो ठीक, पण मोबाइलवर कॉपी केला की गिचमिड होते, शोधून सापडत नाही आणि दृष्टिहीनांचे वाचक-सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. सूचना काढणाऱ्या संस्थांनी चित्राखाली हा मजकूरही टाकावा.

— मांडणी व मुद्रण व्यवसायातील वाचक, महाल, नागपूर