दाजीपूरच्या गाईड मामांना आभाराचं पत्र

कोल्हापूर

मामा, सप्रेम नमस्कार. मामींनाही आमचा नमस्कार सांगा.

शिबिराची बाराही पोरं सुखरूप घरी पोचली. राधानगरी अभयारण्यात गवा दाखवणारे पुष्कळ आहेत. पण कॅन्सरच्या उपचारांतून बाहेर पडलेल्या विशी-तिशीतल्या पोरांना जंगलात कसं न्यावं, हे तुमच्याइतकं नेमकं करणारे थोडे. दुसऱ्या गाईडांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

सगळ्यात मोठे आभार थांब्यांचे. केमो संपून वर्ष उलटलं तरी यांच्यातल्या अनेकांचा थकवा झोपेनं जात नाही. त्यात या वयात "मी दमलोय" म्हणायची लाज वाटते. पोरं तोंड मिटून चालत राहतात आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. तुम्ही दर पंधरा मिनिटांनी थांबवलंत, पण विश्रांती हा शब्द एकदाही काढला नाहीत. ओल्या मातीत गव्याचा खूर दिसला की उकिडवे बसायचात, त्यात तळहात ठेवून माप दाखवायचात. खुराखाली दबलेलं गवत अजून आडवंच आहे की उठायला लागलंय, कडेची माती ओली आहे की सुकून भुगा झालीय, यावरून गवा कधी गेला ते सांगायचात. पुढच्या थांब्याला शेकरूचं घरटं. तेवढ्यात प्रत्येकाचा श्वास जागेवर यायचा आणि थांबा कुणालाच मागून घ्यावा लागला नाही.

सर्वांत हळू चालणाऱ्याला तुम्ही पुढे ठेवलंत. एरवीच्या ट्रेकला उलटं होतं. पुढचे बसून दम खातात, मागचा पोचला की तेच उठून चालू लागतात, आणि ज्याला गरज त्यालाच बसायला मिळत नाही. चढावर गप्पा मारत राहिलात, तेही बरोबर. केमोतलं डॉक्सोरुबिसिन हे औषध घेतलेल्यांचं हृदय पुढे कित्येक वर्षांनीही कमजोर पडू शकतं, ब्लिओमायसिन या दुसऱ्या औषधानं फुप्फुसाला इजा होऊ शकते. चालताना पूर्ण वाक्य बोलता येईना झालं, की चढ तिथंच थांबवायचा. दम लागून बसल्यावर औषध शोधण्यापेक्षा हे सोपं.

आणि त्या काठ्या! व्हिन्क्रिस्टिनसारख्या केमोच्या औषधांनी तळपाय बधिर होतात. जमीन कळत नाही, पाऊल ओढलं जातं, दगडाला ठेच लागते. परड्यातला बांबू तोडून, पेरं घासून, मुठीला सुतळी गुंडाळून तुम्ही प्रत्येकाच्या उंचीची काठी केलीत. काठी टेकल्यावर कोपर काटकोनात यायला हवं, हे एकेकाला उभं करून बघितलंत. बधिर पायाला बुटातला खडा टोचत नाही. संध्याकाळी मोजा काढल्यावर फोड दिसतो, आणि प्रतिकारशक्ती कमी असेल तर तोच चिघळतो. म्हणून दर दोन थांब्यांनी सतरंजीवर सगळ्यांनी बूट काढायचे, मोजे उलटे करून झटकायचे, तळवा बघायचा. तुम्ही स्वतःही काढलेत, त्यामुळे कुणी एकटं पडलं नाही.

कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिका गाठी काढलेल्या मुलीची सॅक तुम्ही न बोलता तुमच्या खांद्यावर घेतलीत. त्या बाजूच्या हाताला पट्ट्याचा दाब किंवा काट्याचा ओरखडा, दोन्हींनी सूज येऊ शकते.

मामींचे आभार वेगळे. कोल्हापूरकराला धारोष्ण दुधाला नाही म्हणणं जड जातं, पण न तापवलेल्या दुधातले जंतू या पोरांना परवडणारे नाहीत. मामींनी दूध उकळून दिलं, पिण्याचं पाणीही खळखळून उकळलं आणि कोशिंबीर पानात वाढलीच नाही. तांबड्याचा कट वेगळा ठेवला. गळ्याला रेडिएशन झालेल्याला लाळ कमी सुटते, कोरडी भाकरी घशात अडकते. त्याला त्यांनी पांढऱ्या रश्श्यात मिरं कमी घालून भाकरी कुस्करून दिली आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. पथ्य म्हणून नाही, पाहुणा म्हणून.

रात्री गाडी रस्त्याकडं तोंड करून लावलीत, हेही विसरणार नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असलेल्याला किंवा प्लीहा (संसर्गाशी लढणारा पोटातला अवयव) काढलेल्याला 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नसते. गोळीनं ताप झाकला जातो, संसर्ग वाढतच राहतो. कोल्हापूर तिथून सुमारे 80 किलोमीटर, घाटरस्ता. तिथं गाडी वळवण्यात गेलेली दहा मिनिटंही महाग.

एक गोष्ट मात्र पुढच्या वेळी बदलू. अंगणातली शेकोटी ओल्या लाकडानं धुमसली आणि दोघांना खोकला लागला. इजा झालेल्या फुप्फुसाला धूर सोसत नाही. लाकडं महिनाभर आधी छपराखाली ठेवू, आणि बसायची जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला करू.

पुढच्या खेपेला पोरं पंधरा आहेत, म्हणजे काठ्याही पंधरा. त्यातल्या एकाचा उजवा पाय कृत्रिम आहे. त्याची काठी तो आल्यावर, त्याला उभं करूनच कापा. सुतळी आम्ही घेऊन येतो.

आपले,
शिबिराचे संयोजक